वीट, आवृत्ती ७: वेग खरा, पण बिल्ड तपासल्याशिवाय देऊ नये
वेबसाइटचा कोड लिहिताना तो ब्राउझरमध्ये चालवून दाखवणाऱ्या आणि शेवटी ग्राहकाला द्यायच्या फाइली म्हणजे 'बिल्ड' तयार करणाऱ्या, इव्हान यू यांनी २०२० मध्ये आणलेल्या या साधनाचे नाव 'जलद' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून घेतलेले असून त्याचा उच्चार 'वीट' असा होतो. बिल्डची वाट पाहून ज्याला वीट आला आहे, अशा मराठी प्रोग्रॅमरने त्याकडे वळावे हा योगच म्हणायचा. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीतल्या कामासाठी मी ते रोज वापरतो आणि डेव्ह सर्व्हरपुरते, म्हणजे काम चालू असताना कोड दाखवणाऱ्या भागापुरते बोलायचे तर मागे जाण्याची माझी तयारी नाही.

वेबपॅकसारखा बंडलर सर्व्हर सुरू करण्याआधी सगळ्या कोडचे गाठोडे बांधतो, त्यामुळे प्रकल्प वाढेल तशी सुरुवातीची प्रतीक्षाही वाढते. आजचे ब्राउझर ईएस मॉड्यूल, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या जावास्क्रिप्टच्या सुट्या फाइली, स्वतः वाचू शकत असल्यामुळे वीट हे गाठोडे बांधतच नाही. ब्राउझर जी फाइल मागेल तेवढीच त्या क्षणी रूपांतरित करून देते, आणि जे पान उघडलेलेच नाही त्याच्या कोडला सहसा हातही लावत नाही. एनपीएम या भांडारातून आलेली इतरांची तयार पॅकेजेस मात्र गो भाषेत लिहिलेला ईएसबिल्ड हा बंडलर आधीच एकत्र करून ठेवतो, कारण एकट्या लोडॅश-ईएस या पॅकेजमध्ये सहाशेहून अधिक मॉड्यूल्स आहेत आणि तितक्या विनंत्या ब्राउझरकडून सुटल्या असत्या, तर वाचवलेला वेळ तिथेच खर्ची पडला असता.

याचा खरा उपयोग फॉर्मवर काम करताना कळतो. बारा रकाने भरून अकराव्याखालच्या सूचनेतले शुद्धलेखन सुधारले आणि फाइल सेव्ह केली, की तेवढीच ओळ बदलते आणि भरलेली माहिती जागच्या जागी राहते. अट एवढीच, की कंपोनंटच्या (पानाच्या एका तुकड्याच्या) फाइलमधून इतर फंक्शन्स किंवा ऑब्जेक्ट्स एक्स्पोर्ट केलेले, म्हणजे बाहेर वापरायला दिलेले, नसावेत. ते असले की हा नेमका बदल साधत नाही आणि रकाने पुन्हा भरत बसावे लागते. मी आता अशा गोष्टी वेगळ्या फाइलीत ठेवतो.

उणिवा आहेत आणि त्या जाणून घेतल्याशिवाय हे साधन हाती घेऊ नये. टाइपस्क्रिप्टमधले टाइप (कोणत्या जागी कोणत्या प्रकारची माहिती चालेल याच्या नोंदी) ते केवळ काढून टाकते, तपासत नाही. त्यामुळे एडिटरने लाल रेघ मारलेला कोडही ब्राउझरमध्ये सुरळीत चालताना दिसतो, आणि टीएससी हा टाइपस्क्रिप्टचा कंपायलर स्वतंत्रपणे चालवावाच लागतो. ज्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगच्या) नावाआधी 'VITE_' हा उपसर्ग असेल, त्याची किंमत कोडमध्ये वापरताच थेट ब्राउझरकडे जाणाऱ्या फाइलीत उतरते, म्हणून तिथे गुप्त की ठेवणे म्हणजे ती दारावर टांगण्यासारखेच आहे. शिवाय या आवृत्तीत अंतिम बिल्ड रोलअप हा वेगळा बंडलर करतो, म्हणजे आपण दिवसभर जे पाहतो आणि ग्राहकाला जे मिळते ते वेगवेगळ्या वाटांनी तयार झालेले असते.

एका ग्राहकाची साइट मी सर्व्हरवरच्या उपफोल्डरमध्ये चढवली आणि पान कोरे आले. कन्सोलमध्ये ॲसेट्स फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलीपुढे ४०४, म्हणजे 'सापडली नाही', असे होते. कॉन्फिगमधली 'बेस' ही किंमत मूळ फोल्डर गृहीत धरते, ती मी बदललीच नव्हती. आणि तयार बिल्ड पाहण्याची प्रिव्ह्यू ही आज्ञाही माझ्या संगणकावर साइट मुळाशीच उघडत असल्याने तिथे सगळे ठीक दिसले होते. चूक माझी होती, पण तेव्हापासून बिल्ड तशाच उपफोल्डरमध्ये ठेवून पाहिल्याशिवाय मी तो पाठवत नाही.

या आवृत्तीला नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) २०.१९ किंवा २२.१२ आणि त्यापुढचे लागते, तेव्हा जुन्या नोडवर अडकलेल्यांनी आधी ते सोडवावे. विकास आणि बिल्ड यांच्या दोन वाटा एक करण्यासाठी रस्ट भाषेत रोलडाउन हा नवा बंडलर लिहिला गेला आहे. माझी सर्वांत मोठी तक्रार त्याच्याशीच निगडित असल्याने, पुढच्या प्रकल्पात मी आधी तोच लावून पाहणार आहे.