मार्गारिटाच्या ग्लासला काय लावाल: ली हिंग मुई की चामोय?

मार्गारिटा म्हणजे टकीला आणि लिंबाचं कॉकटेल, ग्लासच्या कडेला मीठ लावून देतात ते. साधं मीठ बाजूला ठेवून त्यात खारट-आंबट प्लमची चव आणायची असेल, तर दोन रस्ते आहेत. हवाई बेटांवर ग्लासच्या कडेला ली हिंग मुईची लालसर पूड लावतात, मेक्सिकोत चामोय नावाचा सॉस. दोन्हींची मुळं खारवून वाळवलेल्या एकाच चिनी फळात आहेत असं मानलं जातं. नावाला ते प्लम, पण नातं जर्दाळूशी जास्त जवळचं. हवाईत ते उसाच्या मळ्यांवर कामाला आलेल्या चिनी मजुरांबरोबर पोचलं. तिथे आज अननसाच्या फोडींवरही हीच पूड भुरभुरतात.

चवीत मात्र दोघं बरेच लांब गेले आहेत. ली हिंगची पूड जिभेवर ठेवली की आधी मीठ लागतं, मग आंबट, आणि शेवटी जेष्ठमधाचा गोडवा येतो. हा गोडवा घोट गिळल्यावरही घशात रेंगाळतो. तिखट अजिबात नाही. चामोय म्हणजे फळ, मिरची, मीठ आणि लिंबू यांचा दाटसर सॉस. त्यावर बहुतेकदा मिरची-लिंबू-मिठाचा मसाला लावतात. हालिस्को राज्यातल्या ताहीन कंपनीचा मसाला सगळ्यांत ओळखीचा. त्यामुळे कडेचा पहिला घोट झणझणीत लागतो आणि टकीला मागे पडते. चांगली, शंभर टक्के अगाव्हेची (टकीला ज्या वनस्पतीपासून बनते ती) ब्लांको, म्हणजे न मुरवलेली पांढरी टकीला आणली असेल तर मी ली हिंगच लावेन. अगाव्हेचा तो हिरवट, मिरीसारखा वास त्या पुडीत दबत नाही.

पण ली हिंग घेतलीत तर मूळ प्रमाण बदलावं लागतं आणि बहुतेकांचं पेय तिथेच बिघडतं. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेची कृती ५० मिली टकीला, २० मिली ट्रिपल सेक (संत्र्याच्या चवीचं गोड मद्य) आणि १५ मिली लिंबूरस अशी आहे. पूड स्वतःच गोड असल्याने ट्रिपल सेक १५ वर आणा, रस २० पर्यंत वाढवा आणि पुडीत वेगळी साखर मिसळू नका. आपलं कागदी लिंबू इथे फार कामाचं आहे. मेक्सिकोत वापरतात तेच हे लिंबू. अमेरिकेतल्या दुकानांत सहसा मिळणाऱ्या मोठ्या, बिनबियांच्या पर्शियन लिंबापेक्षा ते जास्त आंबट आणि सुगंधी असतं. म्हणून कागदी लिंबू असेल तर २० मिली रस एकदम ओतू नका, चाखत चाखत घाला.

चामोयला हे बारकावे लागत नाहीत. आंबा किंवा अननस बर्फाबरोबर घुसळून केलेली घट्ट मार्गारिटा असेल तर चामोयच हवं, कारण एवढ्या गार आणि गोड पेयात ली हिंगची नाजूक चव कळतच नाही. तिथे सॉस कडेला तर लावाच, थोडा ग्लासच्या आतल्या बाजूनेही ओघळू द्या. पॅशन फ्रूटची मार्गारिटा असेल तर पुन्हा ली हिंग. हवाईत ही जोडी अगदी ठरलेली आहे.

लावायची रीतही वेगळी. पुडीसाठी लिंबाची फोड ग्लासच्या बाहेरच्या कडेवर अर्ध्याच घेरात फिरवा आणि तेवढाच भाग पुडीत टेकवा. आत पूड सांडली तर शेवटचे घोट नुसते खारट लागतात. चामोय पातळ असेल तर देठावरून ओघळून हात चिकट होतात. कडेसाठी दाट प्रकार वेगळा मिळतो, तो घ्या. ली हिंगची पूड पावसाळ्यात लगेच गोळा होते, तेव्हा डबा घट्ट बंद ठेवा.

मिळण्याचा प्रश्न मराठी वाचकाला खरा अडतो. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना दोन्ही सहज मिळतील. पुण्यात किंवा मुंबईत बसून करायचं असेल तर चामोय सोपं, कारण ते घरी होतं. वाळलेले बिनबियांचे जर्दाळू भिजवून मीठ, साखर आणि ब्याडगी मिरचीबरोबर मऊ शिजवा, वाटा आणि गार झाल्यावर लिंबू पिळा. रंग सुरेख येतो आणि तिखटपणा हातात राहतो. ली हिंग मात्र कुणाकडून तरी मागवावी लागते. मागवताना वेष्टन वाचा: काही पुडींत अस्पार्टेम किंवा सॅकरीन ही कृत्रिम गोडी असते. रक्तदाबाचा त्रास असलेल्या पाहुण्याला मीठ आणि जेष्ठमध दोन्ही नकोत, त्याचा ग्लास कोराच ठेवा.

पुडीऐवजी अख्खी वाळलेली ली हिंग फळं हाती लागली तर ती टकीलात दोन-तीन दिवस भिजवा. टकीलाला तांबूस रंग येतो, मीठ आणि आंबटपणा आत उतरतो, आणि मग कडेला काहीच लावावं लागत नाही.