पेन टॅबलेटच्या नावाखाली माझे १८,४९९ रुपये गेले

आकडे पूर्ण सांगतो. आधी २,४९९, मग ९,८००, मग "परत मिळणारं डिपॉझिट" म्हणून ६,२००.

पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात माझं फर्निचरचं दुकान आहे. धान निघालं की लग्नाच्या दिवाण-आलमारीची कामं येतात. हल्ली गिऱ्हाईक कागदावरचं चित्र पाहत नाही, "मोबाईलवर फिरवून दाखवा" म्हणतं. मी हावेपोटी फसलो नाही, कामासाठी फसलो.

फेसबुकवर जाहिरात होती. पेनानं स्क्रीनवर हातानं रेघा ओढायच्या, खुर्ची उभी राहते, बोटानं फिरवायची. पेन टॅबलेट, स्केचअप या थ्रीडी चित्र काढायच्या सॉफ्टवेअरचं "लाइफटाइम लायसन्स" आणि मराठीतून शिकवणी, सगळं एकत्र.

रात्री झोप उडते ती एकाच गोष्टीनं. व्हिडिओ कॉलवर विकणाऱ्यानं समोरून खुर्ची काढली, मागचा पाय ओढला, खुर्ची फिरवली, आणि पाय बरोबर मागच्या कोपऱ्यात! तीस वर्षं गुण्या (काटकोन पाहायचं अवजार) लावून काम करतो मी. समोरून ओढलेली रेघ चार इंच मागं आहे की दीड फूट, हे कागदाला कळत नाही अन् स्क्रीनलाही नाही. रेघ कोणत्या पातळीवर बसवायची ते आधी ठरवावं लागतं, नाहीतर दुसऱ्या बाजूनंही काढून द्यावं लागतं. मी विचारलंसुद्धा, "भाऊ, हे मागं कसं गेलं?" तो म्हणाला, "एआय करते दादा सगळं." त्याचा पेन मागं होता आणि रेघ पुढं पळत होती. आधी बनवलेला व्हिडिओ होता तो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि तरी पिन टाकला.

अशा माणसाला म्हणा, आत्ता माझं नाव काढ आणि फिरवून दाखव.

नवव्या दिवशी पार्सल आलं. आत पोरांची पाटी, बटण दाबलं की पुसली जाते ती. कॉम्प्युटरला जोडायला वायरसुद्धा नाही. फोन बंद.

भाच्यानं मग सांगितलं: स्केचअपचं कायमचं लायसन्स कंपनीनं २०२० मध्येच विकणं बंद केलं, आता वर्षाचे पैसे भरावे लागतात. ब्राउझरमध्ये चालणारं साधं स्केचअप फुकट आहे. ब्लेंडर नावाचं दुसरं थ्रीडी सॉफ्टवेअर तर पूर्णच फुकट, त्यातल्या ग्रीस पेन्सिलनं हातानं काढलेली रेघ थ्रीडीत फिरवता येते. "आधी विचारायचं ना," असं आता सगळे म्हणतात. आमच्या गावात कोणाला विचारणार होतो?

बँकेत गेलो तर साहेब मान वर न करता म्हणाले, "पिन तुम्हीच टाकला ना?" ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं, मग "हे आमच्याकडं नाही, जिल्ह्याला जा." जिल्ह्याला गेलो तर "आधी तुमच्या ठाण्यात नोंद करा." दोन दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं वेगळं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याला घ्यावीच लागते. हे मला नंतर कळलं. त्यांना माहीत नव्हतं काय? अठरा हजार म्हणजे त्यांना किरकोळ वाटते. माझ्याकडं ते सागाच्या फळ्यांचे पैसे होते.

पार्सलची वाट पाहत बसू नका. संशय आला त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. पावत्यांचे स्क्रीनशॉट आधी काढा, चॅट तो पुसून टाकतो. माझी चॅट गेली.

पाटी खोक्यासकट ठेवली आहे. कलमाची प्रत काढली आहे. सोमवारी पुन्हा ठाण्यात जातो.