मिंटवर जुने गेम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबली, तेव्हा आमच्या नाशिकमधील इंदिरानगरच्या घरातील संगणक एकाएकी म्हातारा ठरला. चौथ्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी मेमरी आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, अशा या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. नवे यंत्र घ्यावे इतकी निकड नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. त्याने लिनक्स मिंट २२ या विंडोजऐवजीच्या कार्यप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवून देण्याची तयारी दाखवली आणि मी एकच अट घातली, की माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतील माझ्या गेमच्या सीडी त्यावर चालल्या पाहिजेत. त्या पेटीत १९९० च्या दशकापासून २००६ पर्यंतचे एकूण २३ गेम निघाले. आज आठ महिन्यांनंतर त्यांतील १९ व्यवस्थित चालतात, दोन अर्धवट चालतात आणि दोन अजिबात चालत नाहीत.

माझा अंदाज असा होता, की गेम जितका जुना तितका त्रास अधिक. प्रत्यक्षात नेमके उलटे घडले. डॉसचे (म्हणजे विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टंकून चालवायच्या प्रणालीचे) आठही गेम दोन संध्याकाळी मार्गी लागले, आणि विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंतच्या काळातील तेरा गेमनी मात्र पुढचे कित्येक रविवार खाल्ले. यामागचे कारण समजल्यावर बाकीच्या अडचणींकडे पाहण्याची दृष्टी बदलली, म्हणून ते आधी सांगतो. डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम गेमसाठी जुना संगणकच सबंध उभा करतो: प्रोसेसर, साउंड ब्लास्टर कार्ड, व्हीजीए पडदा, सर्व काही नकली पण पूर्ण. बाहेरच्या यंत्रात काय बदलले याचा गेमला पत्ता लागत नाही. वाइनची रीत वेगळी आहे. १९९३ पासून विकसित होत आलेला हा प्रोग्रॅम संगणकाची नक्कल करत नाही. विंडोजसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या मागण्या तो लिनक्सला समजतील अशा रूपात पोहोचवतो. त्यामुळे गेम थेट आजच्या प्रोसेसरवर, आजच्या पडद्यावर आणि आजच्या ध्वनियंत्रणेवर चालतो, आणि या प्रत्येक ठिकाणी ठेच लागण्याची शक्यता राहते.

डॉसबॉक्सची मूळ आवृत्ती मिंटच्या भांडारात, म्हणजे जेथून प्रोग्रॅम बसवले जातात तेथे, आहेच; मी मात्र डॉसबॉक्स स्टेजिंग ही तिची सुधारित शाखा वापरतो. प्रिन्स ऑफ पर्शिया सुरू करताना बोटांनी आपोआप ‘प्रिन्स मेगाहिट’ असे टंकले आणि ती युक्ती अजून चालते हे पाहून हसू आले. संगणकाच्या क्लासमध्ये आम्हांला डॉसच्या आज्ञा शिकवल्या जात होत्या, त्यांतील हीच एक पक्की लक्षात राहिली असावी. गेम फार वेगाने पळू लागला तर कंट्रोल आणि एफ-११ दाबून वेग कमी करता येतो, एफ-१२ ने वाढवता येतो. योग्य आकडा सापडला की तो त्या गेमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कायमचा लिहून ठेवावा. चित्राच्या प्रमाणाबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. त्या काळातील ३२० बाय २०० बिंदूंचे चित्र ४:३ प्रमाणाच्या पडद्यावर दिसावे अशा हिशेबाने काढलेले असे, म्हणजे प्रत्येक बिंदू रुंदीपेक्षा किंचित उंच असे. प्रमाणाची दुरुस्ती बंद ठेवली तर माणसे ठेंगणी आणि वर्तुळे चपटी दिसतात. माझ्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर योग्य चित्र १४४० बाय १०८० इतके येते आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात. घरच्यांना ते पट्टे खटकतात. मला चपटा राजपुत्र अधिक खटकतो.

डॉसच्या गेममध्ये खरा घोळ एकाच ठिकाणी झाला, आणि तो संगीताचा होता. १९९६ च्या सुमारास अनेक गेमच्या सीडीवर पहिल्या भागात माहिती आणि पुढच्या भागांत सरळ ऑडिओ सीडीसारखी गाणी असत. संगणकात सीडीचा ड्राइव्ह नसल्याने मी एम. जी. रोडवरून यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह आणला आणि सर्व सीडींच्या आयएसओ प्रती करून ठेवल्या. आयएसओमध्ये फक्त माहितीचा भाग येतो, गाणी येत नाहीत, हे शर्यतीचा एक गेम मुका सुरू झाला तेव्हा कळले. मग सीडीआरडीएओ या साधनाने सबंध सीडीची बिन आणि क्यू अशा दोन प्रकारच्या फाइलींत प्रत काढली, ती डॉसबॉक्सला जोडली, आणि संगीताच्या जागी कर्णकर्कश खरखर ऐकू आली. सीडी खराब झाली असे समजून ती मी दोनदा ओल्या फडक्याने पुसली. प्रत्यक्षात दोष सीडीचा नव्हता; ते साधन ध्वनीच्या बाइटच्या जोड्या उलट क्रमाने लिहून ठेवते आणि डॉसबॉक्सला त्या सुलट हव्या असतात. प्रत काढतानाच क्रम पालटण्याचा पर्याय दिला की प्रश्न सुटतो.

साहसकथांच्या दोन गेमबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण स्कमव्हीएम या प्रोग्रॅमने ते विनातक्रार चालवले. गेमच्या फाइली त्याला दाखवल्या, की मूळ प्रोग्रॅमची गरजच उरत नाही.

आता वाइन. मिंट २२ च्या भांडारातून वाइन ९.० बसते, जुने गेम ३२ बिटी असल्याने त्याचा ३२ बिटी भागही बसला आहे याची खात्री करून घ्यावी. भाच्याने पहिल्याच दिवशी बजावले होते, “मामा, सगळे गेम एकाच प्रिफिक्समध्ये कोंबू नका. एकाचं औषध दुसऱ्याला विष होतं.” प्रिफिक्स म्हणजे वाइनसाठीचा स्वतंत्र फोल्डर, ज्यात सी ड्राइव्हपासून रजिस्ट्रीपर्यंतचा (म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीपर्यंतचा) सगळा संसार असतो. मी अर्थातच ऐकले नाही, आणि चौथ्या गेमसाठी टाकलेल्या एका लायब्ररीने, म्हणजे साहाय्यक फाइलीने, पहिले दोन बंद पाडले. तेव्हापासून प्रत्येक गेमला स्वतंत्र प्रिफिक्स आणि वहीत स्वतंत्र पान आहे.

विंडोजच्या गेमची सुरुवात मात्र सुखद होती. १९९५ ते १९९७ च्या काळातील कित्येक गेम स्वतः ३२ बिटी असले तरी त्यांचा इन्स्टॉलर १६ बिटी आहे. ६४ बिटी विंडोज असा इन्स्टॉलर चालवत नाही. वाइनने तो चालवला. मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या प्रणालीसाठी बनवलेली सीडी मायक्रोसॉफ्टच्या नव्या प्रणालीवर बसू नये आणि लिनक्सवर बसावी, ही गंमत मी आजही पाहुण्यांना आवर्जून दाखवतो.

पहिला मोठा अडथळा डीएक्सव्हीकेचा. डायरेक्टएक्स या विंडोजच्या चित्रप्रणालीच्या मागण्यांचे व्हल्कन या नव्या चित्रप्रणालीत रूपांतर करणारा हा भाग नव्या यंत्रांवर उत्तम काम करतो आणि त्यामुळेच बहुतेक मार्गदर्शनात तो वापरण्याचा सल्ला असतो. मी गेमची मांडणी ल्युट्रिस या गेम सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधून करत होतो, तेथे तो आधीच सुरू होता, आणि माझे त्रिमितीय गेम काळा पडदा दाखवून बंद होत होते. डीएक्सव्हीकेच्या २०२२ मधील २.० आवृत्तीपासून व्हल्कन १.३ अनिवार्य झाले आहे आणि चौथ्या पिढीच्या इंटेल चिपमध्ये तेवढी क्षमता नाही. डीएक्सव्हीके बंद केल्यावर वाइन स्वतःच्या, ओपनजीएल या जुन्या चित्रप्रणालीवरील मार्गाने जाऊ लागले आणि त्याच दिवशी तीन गेम सुरू झाले. क्रिकेट ०७ त्यांतीलच एक. वीस वर्षांपूर्वीच्या गेमला वेगवान मार्गाची गरजही नसते, त्यामुळे ज्यांचे यंत्र २०१५ च्या आधीचे आहे त्यांनी हा पर्याय सर्वांत आधी तपासावा असे मी आग्रहाने सांगेन.

एज ऑफ एम्पायर्स २ या १९९९ च्या गेमने मात्र माझी परीक्षा पाहिली. तो एका वेळी २५६ रंगांच्या पटलावर चालतो आणि पडदा स्वतः ८०० बाय ६०० किंवा १०२४ बाय ७६८ वर नेतो. माझ्याकडे गवत जांभळे दिसे, कधी माउस अडखळे, आणि गेम मध्येच बंद पडला तर डेस्कटॉप तसाच मोठमोठ्या आयकॉनचा होऊन राही. वाइनच्या सेटिंगमध्ये आभासी डेस्कटॉप सुरू केल्यावर शेवटची तक्रार मिटली. रंगांसाठी सीएनसी-डीड्रॉ ही छोटी फाइल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागली आणि वाइनने स्वतःच्या डीड्रॉ या चित्र काढणाऱ्या फाइलीऐवजी आधी तीच उचलावी अशी नोंद करावी लागली. ही नोंद करायचे राहिले तर फाइल तेथे असूनही काही फरक पडत नाही. माझे दोन रविवार तेवढ्यासाठी गेले. आता गवत हिरवे आहे. एकाच घरातील दोन संगणकांवर जोडून खेळणे मात्र अजून जमलेले नाही, म्हणून हा गेम मी अर्धवट चालणाऱ्यांत धरला आहे.

आणखी एक अडचण खास आपल्यासारख्यांची आहे. हौसेने मी फोल्डरला ‘जुने खेळ’ असे देवनागरी नाव दिले होते आणि गेम सी ड्राइव्हवर न ठेवता तेथूनच चालवत होतो. त्या काळातील बरेच प्रोग्रॅम युनिकोड जाणत नाहीत; देवनागरी अक्षरांच्या जागी त्यांना प्रश्नचिन्हे मिळतात आणि मग स्वतःच्याच फाइली सापडत नाहीत. फोल्डरचे नाव रोमन लिपीत केले, तेही मोकळी जागा न सोडता, आणि दोन गेम तत्काळ सुरू झाले. मराठीचा अभिमान फोल्डरच्या बाहेर ठेवावा लागला.

ध्वनी तुटक येत असेल तर पल्सऑडिओ या लिनक्सच्या ध्वनियंत्रणेच्या विलंबाची मर्यादा ६० मिलिसेकंद ठेवून पाहावी. माझ्याकडे चार गेमना तेवढे पुरले.

न चालणारे दोन्ही गेम सीडीच्या नक्कलविरोधी कुलपामुळे अडले आहेत. सेफडिस्कसारखी कुलपे विंडोजच्या गाभ्यात स्वतःचा ड्रायव्हर बसवत आणि सीडी अस्सल आहे की नाही ते पाहत. विंडोज १० मध्ये २०१५ पासून तो ड्रायव्हर चालत नाही, त्यामुळे या बाबतीत लिनक्सलाच दोष देणे योग्य नाही. पैसे मोजून घेतलेली मूळ सीडी हातात असताना गेमने “मूळ सीडी घाला” असे म्हणावे, याचा राग मात्र येतोच. असे गेम कुलपाविना पुन्हा विक्रीला आले असतील तर तेच घेणे शहाणपणाचे. जीओजी या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावरून मी डॉसचे दोन गेम याच विचाराने घेतले. त्यांचा विंडोजचा इन्स्टॉलर इनोएक्स्ट्रॅक्ट या साधनाने लिनक्सवरच उलगडता येतो आणि आतल्या फाइली आपल्या डॉसबॉक्सला देता येतात. मे महिन्यात सिंहस्थाच्या कामांसाठी आमच्या भागातील रस्ता खोदला गेला, इंटरनेटची केबल तुटली आणि तीन दिवस जोडणी नव्हती. त्या तीन दिवसांत भाच्याचा लॅपटॉप लॉगिन मागत बसला होता आणि माझी पेटी व्यवस्थित सुरू होती.

सगळे मांडून झाल्यावर प्रतीचा विषय निघाला. नाशिकरोडला राहणाऱ्या धाकट्या भावाच्या संगणकावरही मिंट आहे, म्हणून प्रिफिक्सचे फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो. तेथे एकही गेम उघडेना. वाइन ड्राइव्हची अक्षरे ‘सी’ आणि त्यापुढे विसर्गासारखे दोन टिंब अशा नावाच्या दुव्यांच्या रूपात साठवते, आणि एक्सफॅट पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर असे दुवे ठेवता येत नाहीत, तसे नावही चालत नाही. पुढच्या खेपेला प्रत्येक प्रिफिक्सची टार फाइल (सगळा फोल्डर एकत्र बांधून ठेवणारी एकच फाइल) करून नेली. तेथे ती उलगडल्यावर नऊपैकी आठ गेम काहीही न बदलता सुरू झाले. नववा सीडी मागत होता, आणि ती इंदिरानगरच्या ड्राइव्हमध्येच राहिली होती.