तयार निबंधांची वेबसाइट : दोन तारे

गेला आठवडाभर तयार मराठी निबंधांची एक वेबसाइट वापरून बघितली. नाव लिहीत नाही. लिहिलं तर नववी 'ब'ची उरलेली निम्मी पोरंही तिकडंच जातील.

वापरायला सोपी आहे, हे कबूल. विषय टाका, निबंध हजर. दहा ओळींत, वीस ओळींत, तीनशे शब्दांत, पाहिजे तेवढा. लॉगिन नाही, पैसे नाहीत. मधूनमधून कर्जाच्या जाहिराती येतात, एवढाच काय तो त्रास. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या वर्गापेक्षा बरे.

मी 'पुराचा अनुभव' हा विषय दिला होता. चव्वेचाळीस वह्या आल्या. त्यातल्या एकवीस वह्यांची सुरुवात एकच : 'मित्रांनो, आजच्या लेखात आपण पाहणार आहोत'. एकीनं तर शेवटी निळ्या पेनानं, सुरेख अक्षरात, खाली रेघ मारून उतरवलंय : 'हे पण वाचा : माझी आई निबंध'. स्टाफरूममध्ये एकटीच खदखदून हसले. मग एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून गुगलवर टाकलं, तर तोच निबंध आणखी पाच ठिकाणी. 'कोसळत'चं 'कोसलत' झालेलं, तेही पाचही ठिकाणी तसंच. म्हणजे ही वेबसाइटसुद्धा कॉपी करूनच पास झालेली!

खरी गोची पुढं आहे. निबंधातला पूर नाशिकचा, 'गोदामाई कोपली' वगैरे. आणि तो उतरवणारा पोरगा कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचा. बाहेरच्यांसाठी सांगते : ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४३. चिखली-आंबेवाडीची माणसं बोटीतून काढावी लागली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. २०२१ ला पुन्हा पूर.

त्याला बोलावलं. "तू कुठं होतास रे तेव्हा?"

"माळ्यावर, बाई. म्हशी न्हेता येईनात, म्हणून आज्जीनं दावी कापली. दोन परत आल्या. एक न्हाई आली."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"ह्ये निबंधात चालतंय व्हय?"

यात चूक त्या वेबसाइटची किती आणि दहा वर्षं 'आकर्षक सुरुवात, समर्पक शेवट' शिकवणाऱ्या माझी किती, ते अजून ठरत नाही.

माहितीच पाहिजे असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, आणि तिथं नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. या वेबसाइटवर कुठल्याच निबंधाखाली मला नाव सापडलं नाही.

तारे दोन. एक फुकट आहे म्हणून, दुसरा 'हे पण वाचा'नं हसवलं म्हणून. चिखलीच्या पोराकडून निबंध वर्गातच परत लिहून घेतला. चौदा ओळी, अकरा चुका, 'म्हैस' तीन तऱ्हेनं लिहिलेली. दहापैकी साडेआठ दिले.