क्रोशाच्या सुयांचा संच : नऊ महिन्यांनंतर

हा संच हातात आला त्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच दिले असते. सुया चकचकीत होत्या, डबी देखणी होती आणि मला एक टाकाही येत नव्हता. आता नऊ महिने झालेत. एका सुईवरचा आकडा पार पुसला गेलाय, एक वाकलीय, दोन अजून डबीतून बाहेरच आलेल्या नाहीत. आता लिहायला हरकत नाही.

आधी सामानाचं सांगतो. २ मिलिमीटरपासून ६ मिलिमीटरपर्यंत, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने, रबरी मुठीच्या नऊ अ‍ॅल्युमिनियमच्या सुया. शिवाय मोठ्या नेढ्याच्या दोन बोथट सुया, टाक्यांत अडकवायच्या प्लास्टिकच्या खुणेच्या पिना, ओळी मोजायचं बोटभर यंत्र, कात्री आणि टेप. लोकर वेगळी घ्यावी लागते. हे डबीवर लिहिलेलं असूनही मी वाचलं नव्हतं.

मी हे का घेतलं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वडिलांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. ने-आण माझ्याकडे. ते आत, मी बाहेरच्या बाकावर. पहिले पाच-सहा आठवडे मी ते चार तास फोनमध्ये घातले. क्रिएटिनिन किती म्हणजे काय, पोटॅशियम वाढलं तर काय होतं, मूत्रपिंड मिळायला किती काळ लागतो, सगळं वाचून झालं. वाचलेलं बाबांना सांगण्यासारखं नसायचं आणि मनातून जायचंही नाही. रात्री झोप लागली नाही की पुन्हा तेच वाचायचो.

बाकावर शेजारी एक काकू असत. त्यांचे यजमान त्याच पाळीला येत. एकदा त्यांना आतून बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी हातातलं अर्धं विणकाम माझ्याकडे दिलं. "जरा धरा हो." मी ते असं धरून बसलो, की जणू श्वास सोडला तरी उसवेल. परत आल्यावर त्या हसल्या. "अहो, एवढं जपू नका. क्रोशात सुईवर एकच टाका असतो. सुटला तरी एकच सुटतो."

हे वाक्य मला तेव्हा माहितीसारखं वाटलं. पुढे लक्षात आलं, की क्रोशाच घ्यावा, दोन सुयांवरचं विणकाम नको, असं मी ज्याला त्याला सांगतो त्याचं कारण हेच आहे. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर उघडी असते. सुई निसटली की शंभर टाके एकदम तोंड वासतात. क्रोशात मागचा प्रत्येक टाका बांधून झालेला असतो. टाका अर्धवट असताना नाव पुकारलं तरी तो एक टाका जरा मोठा ओढायचा, पिन अडकवायची आणि उठायचं. दहा मिनिटांनी यावं की दोन दिवसांनी, काम जागच्या जागी असतं. कुणीही केव्हाही हाक मारू शकतं, अशा जागी बसणाऱ्यासाठी याहून सोयीचं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही.

दुसरं कारण त्याहून साधं. क्रोशाला दोन्ही हात लागतात. उजव्या हातात सुई, डाव्या हाताच्या बोटांवर ताणलेला धागा. फोन धरायला हातच उरत नाही.

शिकताना सगळ्यात जास्त गोंधळ टाक्यांच्या नावांचा झाला. काकूंची भाषा सोपी : साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. इंग्रजी नमुने उघडले आणि सगळं बिनसलं. अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, तोच टाका ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे होतो, आणि पुढची सगळी नावं तशीच एकेक घर सरकतात. नमुना कुठल्या पद्धतीचा आहे हे आधी बघायचं असतं. मी बघितलं नाही आणि एक टोपी अशी झाली, की ती बादलीवर बसली असती. त्यापेक्षा 'मुका खांब' बरा. नावातच कळतं, की हा बुटका आहे आणि फार बोलणार नाही.

पहिलं मोठं काम म्हणून बाबांसाठी पांघरूण घेतलं. १३० खांबांची ओळ, ५ मिलिमीटरची सुई, राखाडी अ‍ॅक्रिलिक लोकर. डायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेरच्या नळ्यांतून फिरून येतं, त्यामुळे बऱ्याच जणांना थंडी वाजते. बाबांना तर पहिल्या तासापासून. वीस-एक ओळी झाल्यावर काम मांडीवर पसरलं तर ते वर निमुळतं होत चाललेलं. मोजले. ११२ टाके. ओळ संपवून वळताना तीन साखळ्या घालतात, त्या तीन साखळ्या मिळून पहिला खांब धरायचा असतो आणि परतताना त्यांच्या माथ्यावर टाका घालायचा असतो. मी तो जवळजवळ दर ओळीला विसरत होतो. बाबा त्या दिवशी बाहेर आले, थकलेले होते, तरी त्याकडे बघून म्हणाले, "काय रे, तंबू करतोयस का?" कित्येक दिवसांनी त्यांनी कशाची तरी थट्टा केली होती.

सगळं उसवलं. उसवायला चार मिनिटं लागली, करायला दोन आठवडे लागले होते. गंमत म्हणजे वाईट वाटलं नाही. धागा तेवढाच, तसाच परत मिळाला, थोडा कुरळा झालेला इतकंच. त्या दिवसांत इतर कुठलीच गोष्ट अशी मागे नेता येत नव्हती.

पांघरूण दुसऱ्यांदा नीट झालं. ९६ ओळी. म्हणजे बारा हजार चारशे ऐंशी खांब; मी गुणाकार केला होता, दोनदा. मध्ये एक चूक अजून दिसते. लोकर संपली म्हणून त्याच रंगाचे आणखी गुंडे आणले, पण लोकर कुठल्या खेपेत रंगवली त्याचा जो क्रमांक वेष्टनावर छापलेला असतो तो जुळवला नाही. दिवसा दिसत नाही, पण ट्यूबलाइटखाली साठाव्या ओळीच्या वर राखाडीला निळसर झाक येते. लोकर घेताना तो क्रमांक बघा, आणि एक गुंडा जास्तच घ्या.

मोठ्या अभिमानाने ते आत पाठवलं. थोड्या वेळात सिस्टर बाहेर आल्या. पांघरूण छान आहे, पण फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शीर तयार केलेला हात, झाकता येणार नाही. सुया टोचलेली जागा चार तास डोळ्यांसमोर हवी, सुई निसटून रक्त गेलं तर लगेच दिसायला हवं. मी ते मापच गळ्यापासून पायांपर्यंत, दोन्ही हात आत, असं घेतलेलं. मग डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यातून तीसेक टाक्यांचा भाग उसवून तिथे हाताला जागा केली, कडेने मुक्या खांबांची दुहेरी पट्टी घातली. आज कुणी त्या पांघरुणाकडे बघितलं तर त्याला वाटेल, एक कोपरा कुरतडलाय. बाबा लोकांना सांगतात, ही खास शिवणीची फॅशन आहे. शिवण नाही हो बाबा, वीण, असं मी दर वेळी म्हणतो.

आता सुयांबद्दल. ४, ४.५ आणि ५ या तीन मापांवर माझी नव्वद टक्के कामं झाली. ४.५ ची मूठ सहाव्या महिन्यात चिकट व्हायला लागली. हाताच्या घामाने असेल, धुऊन बघितलं, फरक नाही. शेवटी रबर काढून टाकलं आणि वर सुती दोऱ्याचं क्रोशाचंच आवरण विणलं. ते मूळच्या मुठीपेक्षा बरं निघालं. २ मिलिमीटरची सुई बारीक दोऱ्याचं काम करताना वाकली. अ‍ॅल्युमिनियम त्या जाडीला टिकत नाही, बारीक कामाला स्टीलचीच घ्यावी. २.५ आणि ६ कोऱ्या आहेत. पांढऱ्या लोकरीवर एका सुईने हलकी करडी रेघ उठवली, धुतल्यावर गेली. आकडे रंगाने छापलेत, कोरलेले नाहीत. नव्या माणसाच्या संचाला हे शोभत नाही, कारण नव्यालाच ४ आणि ४.५ मधला फरक नजरेने कळत नाही.

प्लास्टिकच्या पिना थंडीत तुटतात. कात्री नावालाच. ओळी मोजायच्या यंत्राबद्दल बोलण्यासारखं एकच आहे : ते खिशात आपोआप पुढे जातं.

मनगटाचंही सांगायला हवं. तिसऱ्या महिन्यात अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. मी सुई पेन्सिलीसारखी धरत होतो आणि घट्ट आवळत होतो. सुरीसारखी, वरून धरायला लागल्यावर कमी झालं. अर्ध्या तासाने हात सोडवायचा, हेही तेव्हाच शिकलो. चार तास सलग बसू नका, हौस कितीही असली तरी.

मध्यंतरी गोल कामाचं वेड लागलं. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे धागा ओढून आवळायच्या कड्यात, सहा मुके खांब, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहा वाढवले की चकती सपाट राहते. कमी वाढवले की वाटी होते, जास्त वाढवले की कडेला चुण्या पडतात. या चुण्यांवरून वाचता वाचता कळलं, की १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे कडेकडे चुण्या वाढतच जाणारा गणितातला आकार, क्रोशाने विणून दाखवला होता. ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत जायचं, बस. मीही पाच टाक्यांमागे एक वाढवून बघितलं. कोबीच्या पानासारखं काहीतरी झालं. काकूंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "याचं करायचं काय?" उत्तर नव्हतं, पण करताना जो आनंद झाला तो पांघरूण करताना झाला नव्हता. कुणासाठी नाही, कशासाठी नाही.

त्याच वाचनात आयर्लंडचं आलं. १८४५ मध्ये तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ सुरू झाला, आणि त्या वर्षांत अनेक बायकांनी क्रोशाची लेस विणून, विकून घर चालवलं. हे वाचून मी थोडा गप्प झालो. 'विणकामाने मन शांत होतं' असं आपण सहज बोलतो. त्या बायकांना कुणी शांत वाटतंय का विचारलं नसेल.

आणि मलाही शांत वगैरे वाटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. झालं ते वेगळंच. चौथ्या महिन्यात एका सकाळी मी वेळेच्या आधी तयार होऊन दारात उभा होतो, पिशवीत नवा निळा गुंडा होता, आणि माझ्या लक्षात आलं, की मी डायलिसिसच्या दिवसाची वाट बघत होतो. वडिलांच्या डायलिसिसची. लाज वाटली. दोन पाळ्या मी पिशवी घरीच ठेवली. तिसऱ्या वेळी गाडीत बसताना बाबांनीच विचारलं, "सुया कुठंयत?" म्हटलं, कंटाळा आला. ते म्हणाले, "मग मी आत पडल्या पडल्या काय विचार करू? आधी ठरवायचो, आज याच्या किती ओळी होतील."

तेव्हापासून पिशवी सोबत असते.

घ्यावा का हा संच? शिकायला पुरेसा आहे. पण मला पुन्हा घ्यायचा झाला तर संच घेणार नाही. ४.५ ची एक चांगली सुई, मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर (सुती दोरा नको; गडद रंगात टाके दिसत नाहीत, काळा तर नकोच) आणि दोन पिना. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका, ते उष्णतेने लोळागोळा होतं. माझी एक चकती तशीच गेली. पाचपैकी साडेतीन, अर्धा गुण ४.५ च्या सुईला आहे.

ओळी मोजायचं यंत्र फेकून दिलं. त्याचं काम आता बाबांकडे आहे. डायलिसिसच्या आधीचं आणि नंतरचं वजन लिहायची त्यांची एक वही आहे. त्यात त्यांनी तिसरा रकाना आखलाय. परतताना गाडीत विचारतात आणि घरी आल्यावर आधी ते लिहितात. परवाची नोंद : आधी ६३.२, नंतर ६१.०, ओळी ११. म्हटलं, बाबा, दहाच झाल्या, एक चुकली म्हणून उसवली. त्यांनी वही मिटली.

"उसवलीस ती वेगळी गोष्ट. केली होतीस ना?"