घरी मावशी की वृद्धाश्रम?
विसरभोळेपणा वाढलेल्या आजींसाठी घरी ब्युरोची (काळजीवाहक पुरवणाऱ्या संस्थेची) मावशी ठेवली तर आजी आपल्या खोलीत राहतात, पण बारा तास दाराआड दोघीच. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ, मावशी आली की आजींचं गप्प होणं, प्रश्न आजींना आणि उत्तर मावशीचं, असं दिसलं की सावध व्हा. कॅमेऱ्यापेक्षा अवेळी घरी टपकणं जास्त कामाचं, असं माझं मत.

वृद्धाश्रमात बघणारे डोळे अनेक. तिथे मला भीती दुर्लक्षाची: तासन्‌तास ओलं डायपर, माकडहाडावर बेडसोअर (पडून राहून होणारी जखम), दिवसभर गुंगी. रात्री किती जणांमागे एक माणूस असतो, ते विचाराच. न सांगता भेटायला येऊ देत नसतील, तर मी तिथे ठेवणार नाही.

संशय आला तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे.