जाहिरातीतलं ‘१:२’ खरं होतं, फोनवरचं उत्तर खोटं

जाहिरात एका ओळीची होती: ‘७०-३०० मिमी, ऑटोफोकस, १:२, निकॉन माउंट, उत्तम स्थितीत.’ (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती जोडणी.) या ओळीतला एकही शब्द खोटा नव्हता. खोटं होतं ते सगळं फोनवर बोललं गेलं आणि म्हणूनच नंतर मला काही सिद्ध करता आलं नाही. ज्यांनी नुकताच कॅमेरा घेतला आहे आणि जे दुसरी लेन्स शोधताहेत, त्यांना हा अख्खा डाव समजावा म्हणून लिहिते आहे. हाच माणूस नसेल, पण हीच पद्धत तुमच्यासमोर येऊ शकते.

मला सभागृहात, कमी उजेडात, दुरून फोटो काढायचे होते. विक्रेत्याने फोनवर आधी हेच विचारून घेतलं: कॅमेरा कुठला, फोटो कशाचे काढता, किती दिवस शिकताय. मग म्हणाला, “तुम्हाला हीच हवी. १:२ म्हणजे ॲपर्चर दोन. अंधारातसुद्धा चालेल. वर डीआय लिहिलंय ना, ते स्टॅबिलायझेशन. हात हलला तरी चिंता नाही. आणि तुमच्या बॉडीवर ती साडेचारशेची होते.” (ॲपर्चर म्हणजे लेन्समधून उजेड आत येतो ते छिद्र; आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. स्टॅबिलायझेशन म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा. बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा.) बोलणं अतिशय प्रेमळ. प्रत्येक उत्तरात लेन्सवर खरोखर छापलेली एखादी खूण होती आणि तिचा अर्थ मात्र त्याचा स्वतःचा होता.

आता एकेक खूण बघा.

लेन्सच्या पुढच्या कडेवर फोकल लेंग्थच्या (७०-३०० हा मिलिमीटरमधला आकडा; तो जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं) शेजारी ‘१:४-५.६’ असं लिहिलेलं होतं. ॲपर्चर ते. म्हणजे ७० मिमीला सर्वांत मोठं ॲपर्चर एफ/४, आणि झूम करत ३०० पर्यंत गेलं की एफ/५.६. जाहिरातीतलं ‘१:२’ मात्र लेन्सच्या नळीवर, ‘मॅक्रो’ या शब्दाशेजारी होतं. मॅक्रोच्या, म्हणजे अगदी जवळून काढायच्या फोटोंच्या बाबतीत १:२ म्हणजे वस्तूची प्रतिमा सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर) निम्म्या आकाराची पडते. २ सेंटीमीटरची मधमाशी सेन्सरवर १ सेंटीमीटरची दिसते. उजेडाशी त्याचा काहीही संबंध नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकाच पद्धतीने लिहिल्या जातात आणि त्याने नेमकी हीच जागा पकडली होती. जाहिरातीतल्या फोटोत नळीवरचं ‘१:२’ ठळक दिसत होतं. पुढच्या कडेचा फोटो दिलाच नव्हता. लेन्सवर टोपण लावलेलं होतं.

हे पकडायला एक भागाकार पुरतो. फोकल लेंग्थला ॲपर्चरच्या आकड्याने भागलं की समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो, आणि टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्समध्ये पुढची काच निदान तेवढी रुंद असावीच लागते. ३०० ला २ ने भागा: १५० मिमी. म्हणजे पंधरा सेंटीमीटर रुंद काच हवी. माझ्या लेन्सचा फिल्टर (पुढच्या काचेसमोर फिरवून बसवायची गोल काच) ६२ मिमीचा होता. ६२ मिमीच्या तोंडाची लेन्स ३०० मिमीला एफ/४.८ पेक्षा मोठं ॲपर्चर देऊच शकत नाही. मग विकणारा काहीही म्हणो. निकॉनने १९८० च्या दशकात ३०० मिमी एफ/२ अशी लेन्स खरोखर बनवली होती. तिचं वजन सात किलोच्या आसपास होतं. माझ्या हातात आलेली लेन्स अर्ध्या किलोचीही नव्हती.

हाच भागाकार खऱ्या लेन्सना लावून पाहा, म्हणजे विश्वास बसेल. ७०-२०० एफ/२.८ या प्रकारच्या लेन्सना बहुधा ७७ मिमीचा फिल्टर लागतो. २०० भागिले २.८ म्हणजे साधारण ७१. बसतं. कॅननच्या ७५-३०० एफ/४-५.६ ला ५८ मिमीचा फिल्टर. ३०० भागिले ५.६ म्हणजे साधारण ५४. तेही बसतं. फिल्टरचा आकडा लेन्सवर रेघ मारलेल्या शून्याच्या चिन्हाशेजारी असतो. तो फोकल लेंग्थ नव्हे. नवख्या माणसाला ५८ म्हणजे ‘५८ मिमी लेन्स’ असं सांगणारेही आहेत. आणि उलटा निष्कर्ष काढू नका: वाइड लेन्सची काच दृश्याची रुंदी सामावून घेण्यासाठी मोठी असते, म्हणून मोठी काच दिसली की मोठं ॲपर्चर असं होत नाही. भागाकार कमीत कमी किती रुंदी हवी एवढंच सांगतो. पण खोटं पकडायला तेवढं बास आहे.

एफ/२ आणि एफ/५.६ यांतला फरक किती मोठा, हे सुरुवातीला कोणी नीट सांगत नाही. आकड्यांची चढण २, २.८, ४, ५.६ अशी आहे आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. तीन पायऱ्या म्हणजे आठपट कमी उजेड. ज्या सभागृहात एफ/२ ला १/५०० सेकंदाचा शटर स्पीड मिळाला असता, तिथे त्याच आयएसओवर (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवला आहे त्याचा आकडा) मला १/६० मिळत होता. लांब फोकल लेंग्थला हातात धरून काढलेला फोटो १/६० ला स्थिर येणं फार अवघड, आणि रंगमंचावरचा माणूस तर हलतच असतो. सगळे फोटो पुसट आले. विक्रेत्याला कळवल्यावर तो म्हणाला, “सराव लागतो हो. हळूहळू हात बसेल.” या उत्तराचा मला अजून राग आहे. शिकणाऱ्या माणसाला फोटो बिघडला की तो स्वतःलाच दोष देतो, हे त्याला पक्कं माहीत होतं.

स्टॅबिलायझेशन तर त्या लेन्समध्ये नव्हतंच. माझी लेन्स टॅमरॉन कंपनीची, आणि टॅमरॉनच्या लेन्सवरची ‘डीआय’ ही अक्षरं सांगतात की लेन्स डिजिटल कॅमेऱ्यांसाठी आखलेली आहे आणि फुलफ्रेमवरही, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावरही चालते. त्यांचं स्टॅबिलायझेशन ‘व्हीसी’ या अक्षरांनी ओळखायचं. कॅनन ‘आयएस’ लिहितं, निकॉन ‘व्हीआर’, सिग्मा ‘ओएस’, सोनी ‘ओएसएस’. ही अक्षरं नसतील आणि नळीवर ते चालू-बंद करायचं बटणही नसेल, तर पुढे बोलण्याआधी थांबा. काही नव्या लेन्सना बटण नसतं, त्यामुळे आधी अक्षरं बघायची.

ऑटोफोकसबद्दल जाहिरात पुन्हा अक्षरशः खरी होती. लेन्स ऑटोफोकसचीच होती, पण तिच्यात स्वतःची मोटर नव्हती. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतल्या बॉडीतही मोटर नसते; अशा जोडीवर फोकस हातानेच फिरवावा लागतो. याच लेन्सची मोटर असलेली नवी आवृत्तीही निघाली होती आणि दोन्ही दुरून सारख्याच दिसतात. जुन्या प्रकारात माउंटच्या कडेला स्क्रूड्रायव्हर बसेल अशी छोटी खाच असते. बॉडीतली मोटर तिथून लेन्स फिरवते. माझी बॉडी कुठली हे त्याने स्वतः विचारलं होतं. त्यामुळे हे त्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

राहिलं ‘साडेचारशे’. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, क्रॉप फॅक्टर १.५, म्हणून ३०० मिमीची लेन्स फुलफ्रेमवरच्या ४५० मिमीएवढंच अरुंद दृश्य दाखवते. हे बरोबर आहे. पण लेन्स ३०० मिमीचीच राहते आणि कुठलीही ३०० मिमीची लेन्स या बॉडीवर हेच करते. तो या लेन्सचा खास गुण म्हणून त्यासाठी जास्त पैसे घेणं ही निव्वळ लबाडी आहे. ‘चारपट झूम’, ‘दहापट झूम’ हेही तसंच: तो मोठ्या आणि छोट्या फोकल लेंग्थचा भागाकार आहे, किती लांबचं दिसेल हे त्यातून कळत नाही. ६०० मिमीची फिक्स लेन्स त्या हिशोबाने ‘एकपट’ ठरते.

मी तक्रार केली. ज्या ठिकाणी जाहिरात होती, त्यांनी जाहिरात आणि लेन्सचे फोटो समोरासमोर ठेवले. ७०-३००, आहे. ऑटोफोकस, आहे. १:२, छापलेलं आहे. वर्णनाप्रमाणे वस्तू मिळाली, असा निकाल. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता आणि पैसे परत आले नाहीत. लेन्सबद्दल माझी काही तक्रार नाही. भर उन्हात ती चांगले फोटो देते आणि जे छापलंय ते सगळं करते.

म्हणून सेकंडहँड लेन्स घेताना फोनवर कितीही बोला, पण हे प्रश्न मेसेजमध्ये विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या: सर्वांत लांब फोकल लेंग्थला सर्वांत मोठं ॲपर्चर किती? माझ्या या मॉडेलच्या बॉडीवर ऑटोफोकस चालतो का? स्टॅबिलायझेशन आहे का, आणि कुठल्या अक्षरांनी लिहिलंय? टोपण काढून पुढच्या कडेचा आणि माउंटचा स्पष्ट फोटो मागा. “फोनवर सांगतो ना” असं उत्तर आलं, तर तिथेच सोडून द्या. प्रत्यक्ष भेटलात तर स्वतःच्या बॉडीवर लावा, पूर्ण झूम करा आणि कॅमेऱ्याचा ॲपर्चरचा आकडा शक्य तितका खाली आणा. तो जिथे अडेल तेच तिचं खरं ॲपर्चर. टॉर्च मागून धरून काचेत बुरशीच्या जाळ्या आहेत का तेही त्याच वेळी बघून घ्या.

आधीच घेऊन बसला असाल आणि परत करण्याची मुदत उरली असेल, तर वाद घालत बसू नका. पूर्ण झूमवर एक फोटो काढा. त्या फाइलमध्ये फोकल लेंग्थ आणि ॲपर्चर नोंदलेलं असतं. ती नोंद, पुढच्या कडेचा फोटो आणि विक्रेत्याचा लेखी दावा, या तीन गोष्टी एकत्र पाठवा.